जर्मलची सायकल

ॲल्युमिनियमला आपल्याकडे कधी मान मिळाला नाही. देवघरात चांदी चालते, तांबे-पितळ चालते. ॲल्युमिनियमचे पंचपात्र कोणी पाहिलेले नाही. रुखवतात स्टीलचे डबे मांडतात, जर्मलचे टोप मांडत नाहीत. या धातूला घरोघर धड नावही मिळाले नाही. कोणी त्याला 'जर्मन' म्हणाले, कोणी 'जर्मल'. पुढे 'हिंडालियम' आले. जर्मलचे पातेले म्हणजे वसतिगृहाच्या भटारखान्यातले, टपरीवरच्या चहाचे, लग्नातल्या आचाऱ्याचे. त्याला कल्हई नको, उचलायला जड नाही, पडले तर पोचा येतो आणि मोडीत घातले तर दोन पैसे सुटतात. कामाचे, स्वस्त आणि बिनमानाचे.

गेली काही वर्षे मी या धातूच्या एका वेगळ्या रूपाचा माग काढतो आहे. ते रूप म्हणजे ॲल्युमिनियमची रोड बाइक. खाली वळलेले हँडल, अरुंद टायर आणि सगळे मिळून नऊ-दहा किलो वजन. माफक पैशांत चांगली रोड बाइक घ्यायला आज दुकानात गेलात, तर दुकानदार जी पुढे करील तिची फ्रेम बहुधा ॲल्युमिनियमची असते. फ्रेमवर किंवा सोबतच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत '६०६१' असा एक आकडा असतो. गिऱ्हाईक शेजारच्या कार्बन फायबरच्या सायकलीकडे बोट दाखवून भाव विचारते, ऐकून गप्प होते आणि ॲल्युमिनियमची घेऊन घरी येते. घेताना त्याच्या मनात थोडा नाइलाज असतो.

या नाइलाजाला इतिहास आहे. आज जी नाइलाजाने घेतली जाते त्याच जातीची सायकल पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जगातली सर्वांत मोठी शर्यत जिंकत होती. मधल्या काळात धातू बिघडला नाही, नळ्या कच्च्या झाल्या नाहीत. उतरला तो मान. मान उतरला म्हणून भाव उतरला आणि भाव उतरला म्हणून ती माझ्यासारख्याच्या दारात आली. ही किफायत तीन खंडांतल्या कारखान्यांनी शंभर वर्षांत कमावली, आणि तिची काही किंमत भलत्यांनीच मोजली, असे मला या शोधातून दिसले. ते क्रमाने मांडतो.

सम्राटाचा धातू

हा धातू मुळात हलक्या कुळातला नव्हता. पृथ्वीच्या कवचात तो विपुल आहे, पण ऑक्सिजनला असा घट्ट धरून बसलेला की, वेगळा करणे महाकठीण. १८५४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्री सँत-क्लेर देव्हीय याने सोडियमच्या साहाय्याने तो जरा मोठ्या प्रमाणात काढून दाखवला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने या कामाला पैसा पुरवला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ॲल्युमिनियमच्या चिपा दागिन्यांसारख्या मांडल्या होत्या. १८८४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर बसवायला शंभर औंसांचा, म्हणजे पावणेतीन किलोंहून थोडा जास्त वजनाचा ॲल्युमिनियमचा कळस ओतला गेला. बसवण्याआधी तो न्यूयॉर्कमध्ये टिफनी या जवाहिऱ्याच्या पेढीत लोकांना पाहायला ठेवला होता. तेव्हा त्याचा भाव चांदीच्या तोडीचा होता.

दोनच वर्षांत चित्र पालटले. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांची खबर नसताना, वितळलेल्या क्रायोलाइटमधून वीज सोडून ॲल्युमिनियम वेगळे करण्याची रीत शोधली. दोघेही १८६३ मध्ये जन्मलेले, म्हणजे शोधाच्या वेळी विशी नुकती ओलांडलेले. त्याच दशकात कार्ल जोसेफ बायर याने बॉक्साइटपासून शुद्ध ॲल्युमिना काढण्याची पद्धत बसवली. भाव कोसळले. जो धातू सराफाकडे होता तो भांडीवाल्याकडे आला. आपल्याकडे मद्रासच्या कला विद्यालयात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. सराफकट्ट्यावरून चुलीवर यायला या धातूला पंधरा वर्षेही लागली नाहीत. पुढे शंभर वर्षांनी सायकलीच्या बाबतीत हीच चाल पुन्हा घडली, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

बारीक नळ्यांचा काळ

हलका धातू स्वस्त झाल्याबरोबर सायकलवाल्यांची नजर तिकडे गेली. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुइस गावी, शीतपेट्या आणि लाकडी पन्हाळी बनवणाऱ्या एका कंपनीने 'ल्यु-मि-नम' नावाची सायकल काढली. तिची फ्रेम घंटा ओततात तशी साच्यात ओतलेली होती. कल्पना धाडसी होती, पण ओतीव ॲल्युमिनियम मऊ. सायकलीच्या फ्रेमला पाय मारताना, खड्डे घेताना जो पीळ बसतो, तो सोसायला आणखी काही हवे होते.

ते जर्मनीत सापडले. आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियममध्ये तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून प्रयोग करत होता. १९०६ मध्ये त्याच्या लक्षात आले की, तापवून एकदम थंड केलेला हा मिश्रधातू लगेच कडक होत नाही. तो नुसता ठेवून दिला, तर काही दिवसांत आपोआप कडक होत जातो. याच मिश्रधातूचे नाव ड्युरॅलुमिन. झेपेलिनची हवाई जहाजे आणि नंतरची विमाने त्यावर उडाली. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर कामिनाद याने अष्टकोनी ड्युरॅलुमिन नळ्या सांध्यांत आवळून देखण्या सायकली बनवल्या. १९७० च्या दशकात इटलीतल्या 'आलान'ने आणि तिच्यामागोमाग फ्रान्समधल्या 'व्हिटस'ने विमानांच्या धंद्यातले डिंक वापरून नळ्या सांध्यांत चिकटवल्या. आयर्लंडचा शॉन केली व्हिटसवर वर्षानुवर्षे शर्यती जिंकला.

तरी या सायकलींविषयी एक तक्रार कायम होती. त्या हलक्या होत्या, पण वाकत. धिप्पाड स्वार उभा राहून पॅडल मारू लागला की, फ्रेम डावी-उजवी डोलायची. कारण साधे होते. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण ताठपणाही एक तृतीयांश. पोलादी नळीच्या जागी जवळपास त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी घातली, तर सायकल जेवढी हलकी होईल तेवढीच लेचीपेची होईल. ऐंशी वर्षे कारागिरांनी नवा धातू जुन्या आकारात बसवायचा प्रयत्न केला. धातू बदलला म्हणजे आकार बदलला पाहिजे, ही गोष्ट सुचायला विद्यार्थी यावे लागले.

जाड नळी

१९७३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमध्ये, काही विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून ॲल्युमिनियमची सायकल हाती घेतली. त्यांतला गॅरी क्लाइन पुढे याच कामात राहिला. त्या मंडळींनी नळीचा व्यास वाढवला आणि तिची भिंत पातळ केली. यामागचे गणित बांबू हातात घेतलेल्या कोणालाही पटेल. तेवढ्याच वजनाची भरीव काठी वाकते, पोकळ वेळू वाकत नाही. पातळ नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी निम्मी केली, तर वजन तेवढेच राहते, पण वाकण्याला होणारा विरोध चौपट होतो. पोलादी फ्रेमची खालची तिरकी नळी त्या काळी २८.६ मिलिमीटर व्यासाची असे. जाड नळीच्या फ्रेममध्ये ती दोन इंचांच्या आसपास, म्हणजे ५० मिलिमीटरपर्यंत गेली. पोलादी सायकलींना सरावलेल्या लोकांना हे ध्यान दिसायला विचित्र वाटले. पाइप जोडून सायकल केली, अशी थट्टा झाली.

क्लाइनच्या सायकली उत्तम होत्या, पण थोड्या आणि महाग. ही कल्पना धंद्यात आणली ती कनेटिकट राज्यातल्या कॅननडेल या कंपनीने. जो मॉन्टगोमेरी याने १९७१ मध्ये ती लोणच्याच्या एका कारखान्याच्या माडीवर सुरू केली. पहिला माल सायकलीमागे ओढायची छोटी गाडी, मग पाठपिशव्या आणि तंबू. गावाच्या रेल्वे स्टेशनचे नाव कंपनीला दिले. १९८३ मध्ये तिने जाड ॲल्युमिनियम नळ्यांची पहिली सायकल बाजारात आणली, आणि फ्रेमचा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्ड या छोट्या गावी वाढला. जाड नळीच्या हक्कावरून क्लाइन आणि कॅननडेल यांचे भांडण कोर्टात गेले. शेवटी जाड नळी कोणा एकाच्या मालकीची राहिली नाही, आणि पुढच्या सगळ्या स्वस्ताईचा पहिला दगड तिथे बसला.

उलटे पाणी

त्या फ्रेमवरच्या आकड्याचा अर्थ आता सांगता येईल. ६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्यात थोडे मॅग्नेशियम, थोडे सिलिकॉन आणि किंचित तांबे असते. अमेरिकेतल्या अल्कोआ कंपनीने तो १९३५ मध्ये तयार केला. बऱ्याचदा पुढे 'टी-६' असे लिहिलेले असते; ती धातूवर केलेल्या संस्काराची खूण आहे.

आपल्या लोहाराला 'पाणी देणे' माहीत आहे. विळा किंवा कोयता लाल करून पाण्यात बुडवला की, चर्र आवाज होतो आणि पाते कडक होते. ॲल्युमिनियमचे पाणी उलटे आहे. आर्गॉन वायूच्या आडोशाने वेल्डिंग केले की, सांध्याजवळचा धातू कमजोर होतो. म्हणून पूर्ण फ्रेम भट्टीत सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि झटकन थंड करतात. या पाण्याने ती कडक होण्याऐवजी मऊ होते, इतकी की, वेल्डिंगने आलेला बाक कामगार हाताच्या तरफेने सरळ करू शकतो. हे काम लगेच उरकावे लागते, कारण विल्मने पाहिलेले ते आपोआप कडक होणे सुरू झालेले असते. मग फ्रेम पुन्हा दुसऱ्या, मंद भट्टीत, १७० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. तिथे ती पक्की होते. आमसुले उन्हात मुरावीत तसा हा प्रकार आहे. घाई चालत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, या कामात एका असामान्य कारागिराच्या हातापेक्षा भट्टी, माप आणि शिस्त यांना महत्त्व आहे. पोलादी शर्यतीच्या फ्रेमी इटलीत किंवा इंग्लंडमध्ये नावाजलेले कारागीर एकेक करून बनवत; गिऱ्हाईक वर्षभर थांबे. ॲल्युमिनियमची फ्रेम भट्टीतून खेपेखेपेने निघते आणि पहिली व हजारावी सारखीच असते. किफायतीचे मूळ इथे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, एकदा पक्की झालेली ही फ्रेम गल्लीतल्या गॅसच्या बत्तीने सांधता येत नाही. सांधली तरी भट्टीचा संस्कार त्या जागी पुसला जातो. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे येतो.

शेवटचा विजय

१९९० च्या दशकात ॲल्युमिनियमने शर्यतीचे मैदान मारले. १९९७ मध्ये इटलीचा सेको संघ कॅननडेलच्या सायकलींवर उतरला आणि त्याच वर्षी त्या संघाच्या इव्हान गोत्ती याने जिरो द'इतालिया ही इटलीची महाशर्यत जिंकली. त्याच संघातला मारिओ चिपोल्लिनी १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये लागोपाठ चार टप्पे जिंकला.

या दोन सालांच्या मध्ये १९९८ आहे. त्या वर्षी मार्को पंतानी हा चणीने लहान, घाटात कोणाला न आवरणारा इटालियन स्वार जिरो आणि टूर दोन्ही जिंकला. २७ जुलैला थंडी-पावसात गालिबिए घाटात तो सगळ्यांना सोडून निघाला आणि ले दो आल्पच्या चढावर पिवळी जर्सी त्याच्या अंगावर आली. त्याच्याखाली बिआंकीची फिकट हिरवट-निळी ॲल्युमिनियमची सायकल होती. ती टूर उत्तेजक औषधांच्या प्रकरणाने काळवंडलेली होती, आणि त्या वेळच्या नमुन्यांच्या पुढे झालेल्या तपासण्यांनी पंतानीलाही वगळले नाही. तो डाग धुण्याचा माझा हेतू नाही. माझा विषय सायकल आहे, आणि तिच्यापुरते सांगायचे तर ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर जिंकली गेलेली ती शेवटची टूर.

पुढच्या वर्षीपासून कार्बन फायबर आले. साच्यात हवा तो आकार देता येणारे, आणखी हलके, आणखी महाग. पुढच्या सहा-सात वर्षांत मोठ्या संघांनी ॲल्युमिनियम सोडून दिले. १९९८ साली ज्या फ्रेमसाठी व्यावसायिक स्वार हट्ट धरत, ती २००५ पर्यंत 'सुरुवात करणाऱ्यांची' झाली. शास्त्रदृष्ट्या तिचे काहीच बिघडले नव्हते. गालिबिएचा चढ तेवढाच होता, सायकलही तेवढीच चांगली होती.

सायकलीच्या बाकीच्या भागांचेही तेच झाले. ब्रेकच्या मुठीतूनच गियर बदलण्याची सोय जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये आपल्या सर्वांत महाग संचात आणली. त्याआधी गियर बदलायला खालच्या नळीवरच्या खटक्याकडे हात न्यावा लागे, म्हणजे हँडल एका हाताने धरणे आले. आज ती सोय शिमानोच्या अगदी खालच्या रोड संचांतही मिळते. शर्यत पुढे सरकली आणि मागे जे टाकून गेली ते आपल्या वाट्याला आले. वाड्यातले शिळे म्हणून कोणी नाक मुरडेल. मला ते ताजे वाटते.

तीन मापे

ही वस्तू जगभर पोचवली ती तैवानने. १९७२ मध्ये लिऊ जिन-बियाओ, ज्यांना परदेशात किंग लिऊ म्हणतात, त्यांनी ताइचुंगजवळच्या दाजिया गावी जायंट ही कंपनी काढली. सुरुवातीला ती दुसऱ्यांच्या नावाने सायकली बनवत असे. अमेरिकेतल्या श्विन या जुन्या कंपनीच्या शिकागोतल्या कारखान्यात १९८० मध्ये संप झाला, आणि श्विनचे मोठे काम तैवानला गेले. काही वर्षांनी श्विनने आणखी स्वस्तासाठी चीनकडे मोहरा वळवला, तेव्हा जायंटने स्वतःच्या नावाने सायकली विकायला काढल्या. १९९२ मध्ये श्विन दिवाळखोरीत गेली. ज्याला काम शिकवले त्याने दुकान थाटले, एवढी ही सरळ गोष्ट.

जायंटने १९९० च्या दशकात माइक बरोज या इंग्लिश अभियंत्याला बोलावले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन ज्या कार्बनच्या सायकलीवर सुवर्णपदक जिंकला, तिची मूळ कल्पना याच बरोजची. त्याने ॲल्युमिनियमच्या रोड बाइकची वरची नळी आडवी न ठेवता मागे उतरती केली. मागचा त्रिकोण लहान झाला, फ्रेम हलकी आणि ताठ झाली. पण त्याहून मोठा फायदा वेगळाच होता. आडव्या नळीच्या जमान्यात चांगली सायकल एकेका-दोन-दोन सेंटिमीटरच्या फरकाने आठ-दहा मापांत बनवावी लागे. उतरत्या नळीमुळे सीटचा दांडा लांब ठेवून लहान, मध्यम, मोठे अशा मोजक्या मापांत बहुतेक माणसे बसू लागली. शिंप्याकडचे कपडे आणि तयार कपडे यांत जो फरक, तोच इथे झाला. मापे कमी म्हणजे साचे कमी, गोदाम लहान, दुकानदाराचे अडकलेले पैसे कमी. स्पेनचा ओन्से संघ याच सायकलींवर शर्यतीत उतरला, आणि आज बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक स्वस्त रोड बाइकची वरची नळी मागे उतरती आहे.

या किफायतीचे बिल कुठे फाडले गेले तेही पाहिले पाहिजे. कॅननडेल मोटारसायकलींच्या नादात कर्जबाजारी झाली आणि २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मालक बदलत गेले, आणि २००९ मध्ये नव्या मालकांनी उत्पादन तैवानला हलवण्याचे जाहीर केले. बेडफर्डमध्ये फ्रेमी बनणे थांबले. तिथल्या वेल्डरांनी पंचवीस वर्षे घालवून ॲल्युमिनियमचे सांधे सफाईने करण्याची जी कला बसवली होती, तिच्यामुळेच ही सायकल जगाला पटली. सायकल जगभर गेली, वेल्डर बेडफर्डमध्येच राहिले. पुढे तैवानमधलेही पुष्कळ स्वस्त काम चीनला गेले. आपल्याकडे गिरण्यांचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. किंग लिऊ यांनी मात्र २००७ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी सायकलवरून तैवान बेटाची प्रदक्षिणा केली. कारखानदाराने आपला माल स्वतः वापरून पाहावा, या दृष्टीने मला ती गोष्ट आवडते.

दोन आक्षेप

ॲल्युमिनियमच्या सायकलीवर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला, ती अंगाला हादरे देते. दुसरा, ती थकते आणि एके दिवशी मोडते.

पहिल्यात एकेकाळी तथ्य होते. सुरुवातीच्या जाड नळ्यांच्या फ्रेमी फारच ताठ होत्या, आणि त्यांवर २३ मिलिमीटर रुंदीचे, दगडासारखे फुगवलेले टायर लावत. आता टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे आहेत, हवा कमी ठेवतात, आणि पुढचा चिमटा बहुधा कार्बनचा असतो. रस्त्याचा हादरा आधी टायर गिळतो. फ्रेमपर्यंत फार थोडा पोचतो. मी रुंद टायर घातल्यावर ज्या सायकलीला मित्र 'हाडे खिळखिळी करणारी' म्हणत, तिच्यावरून शंभर किलोमीटर करून संध्याकाळी वाचत बसू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेच्या आत राहिला तर कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान ताणही मोजला जातो, साठत जातो. १९५४ मध्ये कॉमेट जातीची प्रवासी विमाने आकाशात फुटली, तेव्हा चौकशीत हाच दोष, धातूचा थकवा, पुढे आला. म्हणून ॲल्युमिनियमच्या सायकलीचा संशय घेणे चूक नाही. पण रचनाकारालाही हे ठाऊक असते, आणि तो नळ्या त्या हिशेबाने जाड ठेवतो. १९९७ मध्ये जर्मनीच्या 'टूर' मासिकासाठी एफबे या प्रयोगशाळेने बारा उंची फ्रेमी यंत्रावर लावून तुटेपर्यंत ताणल्या. चाचणी संपेपर्यंत न मोडता टिकल्या त्या फक्त तीन: एक कार्बनची आणि दोन ॲल्युमिनियमच्या. पोलादी फ्रेमी सगळ्या तडकल्या. बारा फ्रेमींवरून सगळ्या जगाचा निकाल लागत नाही. पण पोलाद अमर आणि ॲल्युमिनियम क्षणभंगुर, ही ठाम समजूत तरी त्या यंत्रावर टिकली नाही. चांगली केलेली वस्तू टिकते, धातू कोणताही असो.

आपल्या रस्त्यावर

माझी सायकल कोल्हापुरात आहे आणि तिच्यावरून मी बहुतेक वेळा राधानगरीच्या दिशेला जातो. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. या वाटेचे एक वैशिष्ट्य आहे. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या भागांतल्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याच्या थरात बॉक्साइट आहे. दुर्गमानवाडच्या खाणीतले खनिज वर्षानुवर्षे ट्रक भरभरून बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जात असे. ती तांबडी धूळ झाडांवर बसलेली मी पाहिली आहे, आणि खाणींनी माथे कसे उघडे पडतात तेही. धातूला आपण हलका म्हणतो, पण तो डोंगरातून काढताना आणि विजेने सोडवताना हलका नसतो. माझ्या सायकलीचे ॲल्युमिनियम या माथ्यावरचे नाही. कुठल्या तरी दुसऱ्या देशातल्या अशाच कुठल्या तरी माथ्यावरचे असेल.

ही सायकल आपल्याकडे रुळली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत. लुधियानाच्या काळ्या पोलादी सायकलीने जी पिढी शाळेत गेली, त्याच पिढीतले डॉक्टर, शिक्षक, बँकेतले कारकून पन्नाशीत पुन्हा सायकलवर बसले. पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, कोल्हापुरातून दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे राइड निघतात. पॅरिसच्या एका जुन्या क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या या प्रवासात पहिला-दुसरा नंबर नसतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, एवढीच अट. तिथे रांगेत उभ्या असलेल्या सायकली पाहाव्यात. निम्म्याहून जास्त ॲल्युमिनियमच्या असतात, आणि पहाटे पाचला निघून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या माणसाला दुसऱ्या कशाची उणीव भासलेली दिसत नाही.

एका गोष्टीची उणीव मात्र आहे. आमच्या पेठेत सायकल दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. तिथल्या काकांनी पोलादी फ्रेमी पितळेची झाळ देऊन आयुष्यभर सांधल्या. माझ्या सायकलीवर बोटाने टकटक करून ते म्हणाले, "साहेब, ह्याला झाळ नाही लागायची. पितळ वितळायच्या आधी हीच वितळून खाली येईल." अगदी बरोबर. पितळेच्या झाळेला नऊशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, ॲल्युमिनियम ६६० अंशांलाच वितळते. मागच्या चाकाशी गियर धरणारा जो छोटा तुकडा असतो, त्याला हँगर म्हणतात. पोलादी सायकलीचा वाकला तर पान्याने सरळ करतात. ॲल्युमिनियमचा पुन्हा पुन्हा वाकवला तर तुटतो, म्हणून तो मुद्दाम वेगळा, स्क्रूने बसवलेला आणि बदलता येणारा करतात. फ्रेम वाचावी म्हणून त्याने मोडायचे. कल्पना शहाणपणाची आहे, पण प्रत्येक कंपनीचा तुकडा वेगळा. माझा वाकला तेव्हा तळहातावर मावेल एवढ्या त्या तुकड्यासाठी सायकल तीन आठवडे भिंतीला टेकून होती. कारखान्याने वस्तू स्वस्त केली. दुरुस्तीचे ज्ञान आणि सुटे भाग पेठेतल्या दुकानापर्यंत पोचवणे हे काम कोणाच्या हिशेबात आले नाही. काकांची पोरे आता मोबाइल दुरुस्त करतात.

किफायत हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि आपण त्याचा अर्थ फायदा, स्वस्ताई असा केला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे पुरेसे असणे. या अर्थाने मला ॲल्युमिनियमची रोड बाइक किफायतशीर वाटते. पंतानीला जी टूर जिंकायला पुरली, तिच्या जातीची सायकल मला राधानगरीला पुरते. या पुरेसेपणामागे एमआयटीतले विद्यार्थी आहेत, बेडफर्डचे वेल्डर आहेत, दाजियातल्या भट्ट्या आहेत, कुठल्या तरी डोंगराचा उघडा माथा आहे. पेठेतल्या दुकानाला त्यात जागा मिळाली असती, तर हिशेब पूर्ण झाला असता. हँगर आणि सुटे भाग साठवणे, फ्रेमच्या भेगा तपासायला शिकणे, हे फार खर्चाचे काम नाही. सायकलींचे क्लब आता गावोगाव आहेत. राइडच्या पदकांवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग त्यांनी इकडे वळवला तरी एका पेठेपुरते ते होईल.

आणि फ्रेम कधी तरी तडकेलच. तेव्हा भंगारवाला ती वजनावर घेईल. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, म्हणून त्याला मोडीत नेहमी गिऱ्हाईक असते. दीड किलोच्या त्या धातूचे पुढे काय होईल ते सांगता येत नाही. बहुधा एखादे पातेले.